करमाळ्याच्या माळावरची सही

रेवण्णा,

तुम्हा लिंगायतांकडे गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण तुला तसं बसलेलं पाहीपर्यंत ते कळलं नव्हतं. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, कपाळभर भस्म आणि गळ्यात बेलाची माळ घेऊन तू बसला होतास आणि आम्ही सगळे तुझ्यापुढे उभे होतो. क्षणभर वाटलं, आता डोळे उघडशील आणि म्हणशील, "का बे, उभं काय ऱ्हायलाव सगळे? कामं न्हाईत व्हय?" जंगमांचे मंत्र चालले होते, बायका कानडीतून तुझं नाव घेऊन रडत होत्या, आणि मी मात्र तुझ्या मिशांकडे पाहत होतो. इतक्या दिवसांच्या तापात त्यांना कुणी पीळ दिला नव्हता. दोन्ही टोकं खाली उतरली होती. जिवंतपणी तू त्या तशा राहू दिल्या नसत्यास.

माती लोटायची माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलास तू." शेजारी आपला फिटर मस्तानभाई उभा होता, त्यानं माझा दंड धरला. त्याला वाटलं, मला दुःख आवरेना म्हणून मी काहीबाही बडबडतोय. दुःख होतंच. पण मी बडबडत नव्हतो, तुझ्याशी भांडत होतो. करमाळ्याच्या माळावर सुरू झालेलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते तसंच टाकून तू निघून गेलास. म्हणून हे लिहायला बसलोय. समोर तू नाहीस, त्यामुळे मधेच तोडायला कुणी नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

गिरणीच्या शेठजींनी विमान घेतलं तेव्हा गावाला दिसलो तो मी. चामड्याची टोपी, डोळ्यांवर भलाथोरला चष्मा, गळ्यात रुमाल. मुलं माझ्या मागं धावायची. तू कुणाला दिसला नाहीस, कारण विमान उडायचं तेव्हा तू खाली असायचास. लोकांना वाटायचं, इंजिनिअर म्हणजे मोडलं की जोडणारा. ह्याचा तुला मनस्वी राग यायचा. "मोडल्यालं नीट करणारे गिरणीत पोत्यानं हायत," तू म्हणायचास. "न मोडल्यालं रोज बघायला एकटा मीच." आणि ते खरंच होतं. त्या विमानाला काही झालेलं नसताना तू रोज सकाळी त्याच्याभोवती फिरायचास. डाव्या पंखाच्या टोकापासून सुरुवात. तारा बोटानं छेडायच्या, त्यांचा आवाज ऐकायचा. प्रत्येक खिळीतली पिन चिमटीत धरून हलवून पाहायची. पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उन्हाकडे धरायचं, तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघायला. मग मी आत बसून इंजिन चालू करायचं आणि तू डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचं. कीर्तनाला बसलेला म्हातारा असा ऐकतो. ऐकून झालं की एकदा मान हलवायचास. तिथं तपासणी संपायची.

पण सही व्हायची नाही. सरकारचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. भाडं देऊन माणसं बसणार असतील तर त्या दिवशी उडण्याआधी लायसनवाल्या इंजिनिअरनं विमान तपासायचं आणि 'आज हे उडायला सुरक्षित आहे' अशा छापील कागदावर वेळ घालून सही करायची. ती सही झाल्याशिवाय मी विमान हलवायचं नाही. कालची सही आज चालत नाही, उद्या पुन्हा नवा कागद. नियम इतकाच. त्यात हात धुण्याचं कुठंही लिहिलेलं नव्हतं, ते तुझं. तेलकट हातानं सही करायची नाही, हा तुझा स्वतःचा कायदा. बादलीत पाणी घ्यायचं, राखेनं हात चोळायचे, मग साबण लावायचा, मग धोतराला नाही, वेगळ्या स्वच्छ फडक्याला पुसायचे. मी आत इंजिनाच्या धडधडीत तापत बसलेलो आणि तू लग्नाला निघाल्यासारखा नखं साफ करतोयस. एकदा मी वैतागून ओरडलो, "अरे, कागद सरकारकडे जायचाय, देव्हाऱ्यात नाही!" तू मान वर न करता म्हणालास, "म्हणून तर. देवाला तेलाचा हात चालतोय."

तुझ्या अक्षराचा तुला किती गर्व होता! इंग्रजी सही करताना शेवटच्या अक्षराची शेपटी तू अशी फिरवायचास की खालच्या ओळीला धक्का लागायचा. मी म्हणायचो, ही सही वाचून विमान उडणार नाही, नाचेल. तू चिडायचास आणि दुसऱ्या दिवशी शेपटी आणखी लांब करायचास.

आणि ते कापड. डाव्या पंखाचं कापड बाभळीच्या काट्यानं फाटलं होतं. मंजूर कापड विलायतेहून यायला वेळ लागणार होता. तेव्हा पेठेतल्या एका तेलुगू विणकरानं तुला त्याच जाडीचं, त्याच विणीचं कापड विणून दिलं. तू ते ताणलंस, त्याला वजनं टांगलीस, पाण्यात भिजवून उन्हात टाकलंस, पुन्हा वजनं टांगलीस. विलायती कापड फाटलं, हे फाटलं नाही. विणकर हात बांधून उभा होता, त्याला वाटलं आता पंखाला लागणार. तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस, "लई झकास इनलास," म्हणालास, आणि कापडाची घडी घालून ठेवून दिलीस. का, तर ह्या कापडाला मंजुरीचा कागद नाही. नमुना वर पाठवलास, उत्तर कधी आलंच नाही. मग तू त्याचा सदरा शिवून घेतलास आणि उन्हाळाभर तो घालून हिंडलास. मी म्हणालो, "रेवण्णा, पंख झालास." हसलास. तो सदरा तुझ्या अंगात शोभायचाही.

हे सगळं मला आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती. मी तुला चिडवायचो, तू मला "मालक" म्हणून चिडवायचास, त्यात सगळं आलं असं धरून चाललो.

आता करमाळा.

त्या साली माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, टपालाचं विमान. तुला वेगळं सांगायला नको, तूच ते रोज ऐकायचास. नवी टपालाची विमानं सगळा देश ओलांडून जायला लागली होती, तिथं वैमानिक हवा होता, आणि माझं नाव वरपर्यंत गेलं होतं. शेठजींना पुण्याला नेऊन आणायचं आणि जत्रेजत्रेत माणसांना चक्कर मारून आणायची, ह्याच्यात माझा जन्म जाणार नव्हता. मी समुद्राकाठी जाणार होतो, लांबचा पल्ला उडणार होतो. फक्त लायसनवर डाग नको होता. तुला हे सगळं माहीत होतं.

कमळाभवानीच्या जत्रेसाठी आपण विमान नेलं. माळावर दोरी बांधून लोक अडवले होते. सगळ्यांत पहिला नंबर एका म्हाताऱ्या धनगराचा आणि त्याच्या म्हातारीचा. त्यांची मेंढरं दोरीच्या आत-बाहेर हिंडत होती आणि त्यांना हाकलायला कुणालाच जमत नव्हतं. तू नेहमीसारखी तपासणी केलीस. मी इंजिन चालू केलं, तू डोळे मिटून ऐकलंस, मान हलवलीस. मी म्हातारा-म्हातारीला पुढच्या जागेत बसवून घेतलं. तू हात धुवायला वळलास तर बादली कोरडी! दोन मेंढरं तोंडं पुसल्यासारखी बाजूला उभी होती. त्या माळावर पाणी कुठलं? तू बादली उचललीस आणि विहिरीच्या दिशेनं चालू लागलास. ती विहीर चांगली लांब होती.

मी बसून राहिलो. ऊन चढत होतं, उभ्या विमानात इंजिन तापत होतं, गर्दी ओरडत होती, म्हातारी रडायच्या बेतात आली होती. रोज सकाळी मी तुला एकच शब्द विचारायचो, "सही?" आणि तू कागद वर धरून म्हणायचास, "सही." त्या दिवशी चाकांच्या ठोकळ्यांपाशी मस्तानभाई उभा होता. इंजिनाच्या आवाजात मी त्याला ओरडून विचारलं, "सही?"

मस्तानभाईच्या घरच्या बोलीत सही म्हणजे बरोबर, ठीक. त्यानं सगळं विमान तुझ्याबरोबर फिरून पाहिलं होतं. तो हात वर करून मोठ्यानं म्हणाला, "हौ साब, सही! एकदम सही हय!" आणि त्यानं ठोकळे ओढले.

मी निघालो.

वरून मला तू दिसलास. विहिरीच्या कडेला बादली ठेवलेली, कोपरापर्यंत हात फेसानं पांढरे, आणि तू मान वर करून पाहत होतास. मी हात हलवला. तू हलवला नाहीस. मला वाटलं, साबण आहे म्हणून.

उतरलो तेव्हा तू दोरीपाशी उभा होतास. धनगराला मी हात देऊन खाली घेतलं. तो घोंगडी सावरत गंभीरपणे म्हणाला, "वर लई गार हाय. मेंढरं न्हाय टिकायची तितं." सगळी गर्दी हसली, मीही हसलो. तू हसला नाहीस. तुझ्या हातात कागद होता आणि सहीची जागा मोकळी होती.

"कुणाला इचारून गेलास?"

मी मस्तानभाईकडे बोट दाखवलं. मस्तानभाईचा चेहरा उतरला. "मैं झूट नई बोल्या साब. मशीन सही थी, मैं सही बोल्या." तो खरंच बोलत होता. तिघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नव्हतं, हेच तर त्या दिवसाचं दुर्दैव. मला आधी हसूच आलं. मी म्हणालो, झालं ते झालं, तपासलं तर होतंसच, कर आता सही आणि वेळ थोडी आधीची घाल. विहिरीवर गेलास त्याच्या आधीची. काय बिघडतं?

तू म्हणालास, "न्हाय जमायचं."

मला वाटलं थट्टा करतोयस. मग कळलं की नाही. तू विमानाच्या चाकावर बसून, धुतलेल्या हातानं, झाली होती ती खरी वेळ घालून सही केलीस. म्हणजे विमान उडून गेल्यानंतरची. माझ्या बाजूला उड्डाणाची वेळ मी आधीच माझ्या वहीत लिहून ठेवली होती. दोन्ही समोरासमोर ठेवले की शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी तुझा हात धरला. रेवण्णा, माझी टपालाची जागा जाईल, म्हणालो. एकदाच. एवढ्या वेळेला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझे डोळे भरले होते, हे मी विसरलेलो नाही. पण हात सोडवून घेतलास.

"आता मला ठावं हाय की तू परत आलास," तू म्हणालास. "परत आल्याल्या इमानाला कोण बी सही देईल. आता आधीची वेळ घालून केली तर ती सही न्हाय बे, बातमी हाय."

ते वाक्य मला तेव्हा काहीच वाटलं नाही. शब्दांचा खेळ वाटला. मी तुला नको ते बोललो. तुझ्या अक्षराला बोललो, तुझ्या हात धुण्याला बोललो, तुमच्या घराण्यातल्या वाण्याच्या हिशेबीपणाला बोललो. तू ऐकून घेतलंस. मग सहीच्या खाली आणखी चार ओळी लिहिल्यास, की तपासणी पूर्ण केल्यावर सही करण्याआधी मी विमानापासून दूर गेलो, ही चूक माझी. ते वाचून माझा राग दुप्पट झाला. माझी मान कापायची होती तर कापायची, वर स्वतःची पुढं करून साधूपण कशाला मिरवायचं?

मुंबईहून विमानखात्याचा इन्स्पेक्टर आला. भला माणूस होता, त्याला माझी कीव आली, पण कागद त्याच्या समोर होते. तुला कडक ताकीद मिळाली. माझं लायसन काही महिने अडकवून ठेवलं. त्या महिन्यांत टपालाची जागा दुसऱ्याला गेली. तो चांगला वैमानिक आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू माझ्याशी टाकलं नाहीस. दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन तू आमच्या घरी यायचास. हातात तुझ्या बायकोनं, गौरक्कानं, बांधून दिलेली पुरचुंडी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी पडवीत असलो की आत जायचो, आत असलो की पडवीत. तू निवांत माझ्या बायकोशी बोलत बसायचास, पाऊसपाणी, मुलांची शाळा, गौरक्काची कंबर. मी तिला म्हणालो, त्याला चहा देऊ नकोस. ती म्हणाली, "भांडण तुमचं आहे. माझं काही नाही भाऊजींशी." आणि तुझ्या चहात मुद्दाम जास्त साखर घालायला लागली.

असे किती सोमवार गेले कोण जाणे. एकदा तू उठून जाता जाता मी चटणीचा घास घेतला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मीठ जास्त झालंय आज." तू दारात थांबलास. पाठमोराच म्हणालास, "व्हय की? सांगतो तिला." आणि गेलास. त्या दिवशी तू गेल्यावर मी पडवीत बसून रडलो.

पुढं लायसन परत मिळालं. मी पुन्हा शेठजींच्या विमानावर बसलो, तू पुन्हा डाव्या पंखाच्या टोकापासून सुरू झालास. बाहेरून सगळं पूर्वीसारखं. पण भांडण होतंच. ते आपण दोघं जपून वापरायचो. गाडीची वाट पाहताना, छपरीत पत्र्याखाली ऊन टळायची वाट पाहताना. मीच काढायचो.

"तपासलं होतंस की नाही?"

"व्हय."

"विमान नीट होतं की नाही?"

"एकदम."

"मग खोटं काय झालं असतं?"

"वेळ."

"एवढीशी वेळ!"

एकदा ह्या ठिकाणी तू गप्प न बसता मला उलटं विचारलंस. "एवढीशी खोटी सही मी त्या दिवशी केली असती, तर दुसऱ्या दिवशी तू माझ्या सहीवर उडाला असतास का बे?"

मी म्हणालो, "उडालो असतो. त्यात काय?"

तू तेव्हा मोठ्यानं हसलास आणि म्हणालास, "त्येच की. तू उडाला असतास."

मी खोदून खोदून विचारलं, तर "होगली बिडु," म्हणून हात झटकलास. जाऊ दे सोड, असं तू कानडीत म्हणालास की विषय संपायचा, ही आपली रीत.

आणि मग ताप. साधा ताप म्हणता म्हणता मुदतीचा निघाला. दवाखान्यात मी आलो तेव्हा तू निम्मा झाला होतास. तू पहिल्यांदा काय विचारलंस? घरचं नाही, औषधाचं नाही. "आज कोन तपासलं?" मी सांगितलं, विमान छपरीत आहे, तू बरा होईपर्यंत हलत नाही. तेवढ्यानं तुझा जीव थंडावला. गौरक्का कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होती. तू बराच वेळ डोळे मिटून होतास, मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "त्या करमाळ्याचं... तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

मी म्हणालो, "आता नको. बरा हो, मग भांडू."

तू ओठातल्या ओठात हसलास. गौरक्काही हसली. मला त्या वेळी तेच बरोबर वाटलं होतं, आणि आजही वाटतं. आजारी माणसाला कोण भांडू देईल? तू थकला होतास. पण काय सांगायचं राहिलं होतं, रेवण्णा? तू चुकलास हे? की मी? की नुसतंच, त्या दिवशी विहिरीवरून तुला काय दिसलं होतं ते? रात्र रात्र मी तुझ्या बाजूनं उत्तरं तयार करतो आणि एकही तुझ्या तोंडी शोभत नाही. तुझं बोलणं मला कधी आधी ओळखता आलं नाही, नंतर कळायचं.

तरी मी म्हणेन, तू चुकलास. एवढीशी वेळ होती. माणसासाठी माणसानं तेवढं करावं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणत होतो आणि पाठीमागंही म्हणणार. टपालाच्या विमानाचा आवाज कुठं ऐकू आला की मी अजून हातातलं काम टाकून वर बघतो.

आज सकाळी शेठजींच्या पाहुण्यांना पुण्याला न्यायचं होतं. तुझ्या जागी नवा इंजिनिअर आलाय. लायसनवाला आहे, हुशार आहे, बोलायला गोड आहे. मी गावच्या माळावर पोचलो तर विमान बाहेर काढून तयार, पाहुणे बसलेले, मस्तानभाई ठोकळ्यांपाशी. नव्या माणसानं अदबीनं माझ्या हातात कागद दिला. सही झालेली. सुबक, आटोपशीर सही, शेपटी नाही. त्याखाली आजची तारीख आणि वेळ. मी घड्याळ पाहिलं. त्या कागदावरची वेळ अजून व्हायची होती.

मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "काल संध्याकाळीच सगळं नीट तपासलंय, साहेब. सकाळी तुमचा खोळंबा नको, म्हणून सही करून ठेवली. वेळ निघायच्या सुमाराची घातलीय."

किती सहज, रेवण्णा! मी हात धरून तुझ्याकडे मागितलं होतं ते ह्या परक्या माणसानं न मागता माझ्या हातात ठेवलं. त्यात त्याचा कसलाही वाईट हेतू नव्हता. त्यानं तपासलंही असणार. मी खाली उतरलो, डाव्या पंखाच्या टोकापासून निघालो आणि एकेक तार, एकेक पिन स्वतःच्या बोटानं पाहिली. काही म्हणजे काही खोट नव्हती. पुन्हा वर जाऊन बसलो. मस्तानभाईनं पंखा फिरवला, इंजिन लागलं, आवाज स्वच्छ होता. मी ठोकळे काढायची खूण करायला हात उचलला आणि तो माझ्याच्यानं हलवेना. इतकी वर्षं उडतोय, वादळात उडालोय, पेट्रोल संपत आलेलं असताना उडालोय. भीती कशाला म्हणतात ते मला आज त्या उभ्या विमानात, लख्ख उजेडात कळलं.

मी इंजिन बंद केलं. पाहुण्यांना उतरवलं. शेठजींचा कारभारी धावत आला, काय झालं म्हणाला. विमान नीट होतं, कागद नीट होता, हवा नीट होती. मी म्हणालो, "मला सुतक आहे."

कारभाऱ्यालाही ठाऊक आहे की तू माझ्या जातीचा नव्हेस, गोताचा नव्हेस. आणि तुमच्यात तर मेल्याचं सुतक मानतच नाहीत. गौरक्कानं दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली, लिंगाची पूजा केली. सगळं मला माहीत आहे. तरी मी धरलंय, रेवण्णा. किती दिवस धरायचं असतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.